न बनणाऱ्या सिनेमाची दोन मिनिटं

इंग्लंडात काही वर्षांपूर्वीपर्यंत दर हिवाळ्यात कितीतरी सिनेमे सुरू व्हायचे आणि दोन मिनिटांत बंद पडायचे. पैसे संपले म्हणून नव्हे, की नायक आणि दिग्दर्शक यांचं वाजलं म्हणूनही नव्हे. दोन मिनिटांपुढे जायचं नाही, असा नियमच होता. सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या, पहिल्या वर्षी मीडिया स्टडीज घेतलेल्या मुलांना ओसीआर या परीक्षा मंडळाचं काम असायचं: एका नव्या काल्पनिक चित्रपटाची श्रेयनामावली आणि सुरुवात तयार करा. गट जास्तीत जास्त चौघांचा. चित्रण आणि आवाज स्वतःचे. संगीत किंवा ध्वनिपरिणाम बाहेरून घ्यायचे तर हक्कमुक्तच. शंभर गुणांपैकी वीस संशोधन आणि आखणीला, साठ प्रत्यक्ष फिल्मला आणि वीस नंतरच्या मूल्यमापनाला.

आमच्या लेकीने हे काम केलं ते 2016 च्या हिवाळ्यात. सांगलीच्या आजोबांना फोनवर तिने मोठ्या उत्साहाने सांगितलं. आजोबांनी शांतपणे विचारलं, “आणि पुढचा सिनेमा कोण काढणार?”

“पुढचा नाहीच आहे, आजोबा.”

“मग गोष्ट कळायची कशी?”

“ती कळायची नाही. कळावीशी वाटली पाहिजे.”

“म्हणजे तिकीट काढायला लावून आत बसवायचं आणि लगेच दिवे लावायचे!” आजोबा म्हणाले. “पैसे परत मागतील लोक.”

आजोबांची अडचण मला समजत होती. त्यांच्या पिढीच्या सिनेमाला घाई नव्हती. आधी फिल्म्स डिव्हिजनचा वार्तापट, मग जाहिराती, मग सेन्सॉरचं प्रमाणपत्र. ते पडद्यावर आलं की निम्मं थिएटर रिळांचा आकडा वाचायचं आणि शेजाऱ्याला सांगायचं. मग ऋणनिर्देश: अमुक गावचे सरपंच, तमुक कारखान्याचे अध्यक्ष आणि संचालक मंडळ, ज्यांनी वाडा दिला ते, ज्यांनी बैलजोडी दिली ते. एवढं झाल्यावर गोष्ट. नाटकाला तिसरी घंटा आणि नांदी, तमाशाला गण आणि गवळण. पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायला पाणी द्यायचं, विचारपूस नंतर, अशी ही रीत. लेकीला मात्र पाणी, विचारपूस आणि पाहुण्याची उत्सुकता, सगळं एकशेवीस सेकंदांत बसवायचं होतं. तिकडच्या पंचवीस चौकटी प्रतिसेकंद या मापाने तीन हजार चौकटी. त्यांतही नावं.

नावांचं प्रकरण ऐकायला क्षुल्लक, पण सिनेमावाले त्यावरून दशकानुदशकं भांडले आहेत. पूर्वी श्रेयनामावली चालू असताना कित्येक थिएटरांत पडदाही पुरता सरकलेला नसायचा. नावं त्या पडद्यावरच उमटायची आणि कुणी ती वाचायचं नाही. 1955 मध्ये ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’साठी सॉल बास यांनी वेड्यावाकड्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची श्रेयनामावली केली, तेव्हा रिळांच्या डब्यांवर प्रोजेक्टर चालवणाऱ्यांसाठी सूचना चिकटवावी लागली होती की, नावं सुरू व्हायच्या आधी पडदा उघडा. उलट, ऑर्सन वेल्स यांच्या 1958 च्या ‘टच ऑफ ईव्हिल’ची कथा. एक हात बॉम्बचं घड्याळ लावतो, बॉम्ब एका गाडीत ठेवतो आणि कॅमेरा तीन मिनिटांहून जास्त वेळ एकाही कटशिवाय ती गाडी, ती गर्दी, ती सरहद्द धुंडाळत जातो. स्टुडिओने त्या शॉटवर नावं छापली आणि वर संगीत चढवलं. वेल्स यांनी संकलनाबद्दल स्टुडिओला अठ्ठावन्न पानांचं टिपण लिहिलं. त्याचा आधार घेऊन 1998 मध्ये वॉल्टर मर्च यांनी चित्रपट पुन्हा जुळवला, तेव्हा कुठे ती नावं निघाली आणि रस्त्यावरचे रेडिओ, गाड्या, माणसं ऐकू आली. मुलांना वर्गात दोन्ही प्रती दाखवल्या होत्या. दुसरी पाहताना आपण गाडीवरची नजर काढू शकत नाही. पहिली पाहताना आपण वाचत बसतो.

नांदीचा एक अंश मात्र सिनेमाने टिकवला, तो निर्मितीसंस्थेच्या बोधचिन्हात. प्रभातची तुतारी फुंकणारी स्त्री आपल्याला माहीत आहे. ब्रिटनमध्ये रँक कंपनीच्या चित्रपटांआधी एक उघडाबंब पहिलवान पुरुषभर उंचीच्या थाळ्यावर टोला हाणायचा. तो थाळा कागदाच्या लगद्याचा होता आणि घुमणारा आवाज वेगळ्याच वाद्याचा, दुसऱ्याच वादकाने वाजवलेला. लेकीच्या गटाला ही माहिती भारी आवडली. सिनेमाची पहिली थाप आधीच खोटी असते, हे कळल्यावर त्यांची भीड चेपली आणि त्यांनी स्वतःच्या काल्पनिक कंपनीसाठी काळ्या पडद्यावर गरगरत येऊन आडवं पडणारं एक नाणं ठरवलं.

खऱ्या कामाआधी एक तालीम असायची. एका पात्राने दार उघडायचं, खोली ओलांडायची, दुसऱ्या पात्रासमोर खुर्चीत बसायचं आणि दोघांनी एक-दोन वाक्यं बोलायची. बस. मूठ बाहेरून फिरवताना एक शॉट, दार आतून उघडताना दुसरा. प्रत्यक्षात दार दोनदा उघडलेलं असतं, मध्ये कॅमेरा हलवायला वेळ गेलेला असतो, कुणाचा तरी फोनही वाजलेला असतो. पाहणाऱ्याला मात्र ते एकदाच उघडलं असं वाटलं पाहिजे. मग दोघांच्या मधून एक अदृश्य रेघ मारायची आणि कॅमेऱ्याने ती ओलांडायची नाही, हा एकशे ऐंशी अंशांचा नियम. ओलांडली की समोरासमोर बसलेली माणसं एकाच दिशेला बघत बोलतात. मी जन्मभर सिनेमे पाहत आले, पण इतक्या कष्टाने न दिसणाऱ्या गोष्टी केलेल्या असतात याचा विचार केला नव्हता.

मग मुख्य फिल्मसाठी कल्पना. चौघांची पहिली कल्पना होती जंगलाची. रात्र, धावणारी मुलगी, मागे टोपी ओढलेला माणूस. दुसरी कल्पना, गजर वाजतो आणि मुलगी दचकून उठते. त्यांच्या बाईंनी दोन्ही वाचून न हसता परत दिल्या. वर्गातल्या बहुतेक गटांनी हेच लिहिलं होतं. याला काही अंशी सूर्यही जबाबदार आहे, असं माझं मत. इंग्लंडच्या दक्षिणेत डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळा सुटून ट्रायपॉड खांद्यावर घेऊन मुलं बाहेर पडतात तेव्हा उजेड संपत आलेला असतो. अंधारात काय सुचणार? खून. पण शाळेच्या कॅमेऱ्यांना अंधार झेपत नाही. झाडीत रात्री काढलेल्या चित्रात मुलगीही दिसत नाही आणि मारेकरीही. दिसते ती काळ्यावर नाचणारी करडी रवाळ धूळ.

तेव्हा बाईंनी त्यांना उलटा प्रश्न दिला. गावात अंधार पडल्यावर स्वतःचा उजेड असलेल्या जागा कोणत्या? मुलं यादी करायला बाहेर पडली. पेट्रोल पंप, बसचा वरचा मजला, फिश अँड चिप्सचं दुकान, दवाखान्याचा व्हरांडा. आणि लाँडरेट, म्हणजे पैसे टाकून यंत्रात कपडे धुवायचं दुकान. भिंतीला ओळीने यंत्रं, निळसर नळ्यांचा उजेड, रस्त्याकडची अख्खी बाजू काचेची. आत बसलेला माणूस बाहेरच्या प्रत्येकाला दिसतो आणि त्याला मात्र काचेत स्वतःखेरीज कुणी दिसत नाही. भीतीसाठी जंगलाची गरज नव्हती हे त्यांना त्या काचेसमोर उभं राहून कळलं. कथा नंतर सुचली. आधी जागा मिळाली आणि तिचा उजेड मिळाला. कल्पना डोक्यात जन्मते आणि मग तिला जागा शोधायची असते, असं आपण लिहिणारे समजतो. इथे जागेनेच विचारलं, माझ्यात काय घडू शकतं?

भूमिका वाटताना एक बारीकसा प्रसंग घडला. गटातल्या एका मैत्रिणीने अगदी निर्मळपणे सुचवलं की, आमच्या लेकीने लाँडरेट चालवणारी बाई व्हावं, ती शोभेल. लेकीने विचारलं, “का शोभेन?” कुणालाच उत्तर देता येईना आणि कुणाचाच हेतू वाईट नव्हता. मूल्यमापनाच्या सात प्रश्नांपैकी एक हाच होता: तुमच्या फिल्ममध्ये विशिष्ट समाजगटांचं चित्रण कसं झालं आहे? परीक्षेचा कागद किती कंटाळवाण्या भाषेत किती नाजूक जागी बोट ठेवतो! टोपी ओढलेला पोरगा गुन्हेगारच, गोरी मुलगी बळीच, दुकानामागे उभी बाई सावळीच. कुणी ठरवत नाही आणि सगळं ठरलेलं असतं. त्यांनी मग 2011 च्या ‘अटॅक द ब्लॉक’ची सुरुवात पुन्हा पाहिली. दक्षिण लंडनमध्ये चेहरे झाकलेली पोरं एका शिकाऊ नर्सला लुटतात. नेहमीचंच, असं आपण म्हणेपर्यंत चित्रपट त्याच पोरांच्या बाजूने उभा राहू लागतो. सुरुवात प्रेक्षकाच्या मनातली सवय वापरते आणि नंतर तिचाच हिशोब मागते. लेक शेवटी गिऱ्हाईक झाली. एकटी, कपडे वाळायची वाट बघणारी, कुठलीही असू शकेल अशी.

गोष्ट आकाराला आली ती अशी. रात्र. लाँडरेटमध्ये एकटी मुलगी. कोपऱ्यातला एक ड्रायर चालू आहे, पण त्याच्यासमोर कुणी नाही. ड्रायर थांबतो. बराच वेळ कुणी येत नाही, तेव्हा ती उठून तो उघडते. आत एकच शर्ट आहे, आणि तो तिने या क्षणी अंगात घातलेला आहे तोच. कॉलरवरचा डागही तोच. तिसरं बटण लाल दोऱ्याने शिवलेलं, तेही तसंच. सिनेमाचं नाव ‘सर्व्हिस वॉश’. लाँडरेटमध्ये कपडे ठेवून जायचं आणि तिथल्या माणसाने ते धुऊन, घडी करून ठेवायचे, त्या सोयीला तिकडे असं म्हणतात.

आता आखणी. पहिल्या शॉट डिव्हिजनच्या तक्त्यात एका रकान्यात लिहिलं होतं, ‘ती अस्वस्थ आहे.’ बाईंनी समोर लिहिलं: ‘कॅमेरा कुठे ठेवू?’ मी ते वाचून वही मिटली आणि बराच वेळ त्यावर विचार करत राहिले. आम्ही लेखात ‘ती अस्वस्थ होती’ असं लिहून पुढच्या वाक्याला लागतो आणि वाचकही उदारपणे चालवून घेतो. कॅमेरा असा उदार नसतो. त्याला अस्वस्थता दिसत नाही. त्याला बोटात फिरवलेलं नाणं दिसतं, एकाच पानावर अडकलेलं मासिक दिसतं, दुसऱ्यांदा काचेकडे वळलेली मान दिसते. तक्ता बदलला. ‘अस्वस्थ’ गेलं आणि त्या जागी आलं: ‘क्लोज-अप, हात. सुटे पैसे मोजते. पुन्हा मोजते.’

मग चित्रांच्या चौकटी काढल्या, त्यांचे फोटो घेतले आणि प्रत्येक चौकट ठरलेले सेकंद पडद्यावर ठेवून ॲनिमॅटिक केलं. लांबी चार मिनिटांच्या वर गेली. घरातून निघणं, पिशवी, पाऊस, रस्ता, दार, पावडरीचं यंत्र, सगळं त्यात होतं. मुलांना वाटत होतं की, प्रेक्षकाला हे माहीत नसेल तर तो मुलीत गुंतणार कसा?

याच सुमारास आम्ही घरी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ पाहिला. सुरुवातीला नारायण कांबळे मुलांची शिकवणी घेताहेत. लहानशी खोली, मुलं, पुस्तकं. मग ते बसने जातात, मंचावर गातात आणि पोलीस त्यांना घेऊन जातात. लेक म्हणाली, “आई, हा सुरूच होत नाही गं.” थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, “नाही, तो आधीच सुरू होता. आपण उशिरा आलो.” खटल्याचा चित्रपट खटल्यापासून सुरू झाला असता तर कांबळे आपल्यासाठी आरोपीच राहिले असते. शिकवणीमुळे कळतं की, या माणसाला एक रोजचा दिवस होता आणि तो मोडला. मी तिला जुना ‘संत तुकाराम’ही लावून दिला. 1936 चा, दामले-फत्तेलाल यांचा. तुकाराम डोळे मिटून तल्लीन गाताहेत आणि लगोलग तोच अभंग सालोमालो स्वतःच्या नावावर खपवतो आहे. तुकाराम कोण, कुठले, त्यांचं दुकान कसं बुडालं, काही नाही. एक रचना, दोन तोंडं. संघर्ष उभा राहिला. ऐंशी वर्षं जुनी ती मिनिटं पाहून लेकीने ॲनिमॅटिकमधलं घर, पाऊस आणि रस्ता काढून टाकला. मुलगी पहिल्या शॉटपासूनच बाकावर बसलेली, कपडे वाळत आलेले.

माझ्या लक्षात येऊ लागलं ते हे की, चांगली सुरुवात काही सुरू करत नाही. गोष्ट आधीपासून चाललेली असते. तिच्यात पाहणाऱ्याला कुठून शिरू द्यायचं, तेवढंच ठरवायचं असतं. मुलांची सगळी आखणी त्या एका जागेच्या शोधात होती.

बाकीची आखणी रुक्ष होती आणि तीच सर्वांत कामाला आली. जागेची पाहणी करून कोणता प्लग चालतो ते टिपणं. मालकिणीची लेखी परवानगी. तिने शाळेचं पत्र मागितलं आणि शेवटचं गिऱ्हाईक गेल्यानंतरची वेळ दिली. धोक्यांचा तक्ता: ओली फरशी, केबल, गरम दार. कोणत्या वयासाठी चित्रपट, तेही ठरवायचं होतं. ब्रिटिश सेन्सॉरची वर्गवारी घेऊन काही गटांनी ऐटीत अठराचं प्रमाणपत्र निवडलं होतं, म्हणजे थिएटरात त्यांना स्वतःलाच आत घेतलं नसतं. लेकीच्या गटाने पंधरा घेतलं. सुपरमार्केटातून दोन सारखे शर्ट आणले, दोन्हींवर चहाचा सारखा डाग पाडण्याच्या खटपटीत आमचं स्वयंपाकघर एक संध्याकाळ बंद होतं, आणि दोन्हींची तिसरी बटणं मी लाल दोऱ्याने शिवली. कंटिन्युइटीचे फोटो काढून कुठला शर्ट अंगावरचा आणि कुठला ड्रायरमधला ते आतल्या बाजूला लिहून ठेवलं.

खरी करामत आवाजात होती. मालकीण दिवसभर रेडिओ लावायची. चित्रणाच्या वेळी तो बंद ठेवायची विनंती आखणीच्या यादीत पहिली होती, कारण पाठीमागे एखादं गाणं ऐकू आलं की हक्कांचा नियम मोडला. रेडिओ बंद झाल्यावर लाँडरेटचा स्वतःचा आवाज उरला: घरघर, पाण्याची ओढ आणि फिरत्या पिंपावर कुठेतरी बटण आपटत असल्याची टक-टक. ती टक-टक त्यांनी पाहणीच्या वेळीच ऐकली होती आणि तक्त्यात तिला पहिली जागा दिली होती. नाणं आडवं पडतं, पडदा काळा होतो आणि त्या काळ्यावर टक… टक सुरू होते. त्यावर एकेक नाव. पाहणाऱ्याला वाटतं घड्याळ आहे. जवळपास दोन मिनिटांनी लाल दोऱ्याचं बटण समोर आल्यावर कळतं की, आपण पहिल्या सेकंदापासून ह्या शर्टाचाच आवाज ऐकत होतो. संगीत त्यांनी घेतलंच नाही.

वाद झाला तो शेवटावर. सुरुवातीचा शेवट कुठे करायचा? एकाला हवं होतं की, मुलगी वळते आणि काचेबाहेर तिच्यासारखीच कुणी उभी असते. दुसरीला किंकाळी हवी होती. बाईंनी चौघांना वेगवेगळं लिहायला सांगितलं: बटण दिसतं त्या क्षणी प्रेक्षकाच्या मनात कोणता प्रश्न असेल? चौघांचे प्रश्न वेगळे निघाले. हा शर्ट कुणाचा? ड्रायर कुणी लावला? ती इथे आधी येऊन गेली आहे का? तिच्या अंगावरचा शर्ट तरी तिचाच आहे का? काचेबाहेर कुणी उभं केलं की चारातले तीन प्रश्न मरतात, हे त्यांचं त्यांनाच दिसलं. बटणावर कट, काळा पडदा, ‘सर्व्हिस वॉश’. दोन मिनिटांना काही सेकंद शिल्लक ठेवून.

आणखी एक गोष्ट होती, जी गुणपत्रिकेच्या कुठल्याच ओळीत थेट मोजली गेली नसणार. चित्रणाआधी बाईंनी त्यांच्याकडून पूर्ण चित्रपटाची कथा एका पानात लिहून घेतली होती. अर्ध्या गटांनी कुरकुर केली. जे बनायचंच नाही ते लिहायचं कशाला? मला मात्र त्या पानावर सगळं उभं आहे असं वाटतं. जे माहीत आहे तेच लपवता येतं. जे माहीत नाही ते लपलेलं नसतं, ते नुसतं नसतं, आणि पाहणाऱ्याला हा फरक कसा कोण जाणे पण कळतो. वर्गातल्या कित्येक फिल्ममध्ये टोपी ओढलेल्या माणसाच्या टोपीखाली कुणीच नव्हतं. या चौघांना त्यांच्या मुलीबद्दल उरलेली सगळी मिनिटं माहीत होती, म्हणून ती सुटे पैसे दुसऱ्यांदा मोजायची तेव्हा त्या मोजण्याला वजन होतं.

ते पान मी वाचलं आहे. त्यात तळाशी एक ओळ होती: हा लाल दोरा त्या घरात एकाच माणसाच्या डब्यात असतो. तो माणूस दोन मिनिटांत येत नाही, त्याचं नाव नाही, त्याच्यासाठी नट नव्हता. बटण कुठल्या रंगाने शिवू, असं मी विचारलं तेव्हा लेकीने क्षणाचाही विचार न करता लाल म्हणून सांगितलं होतं, ते त्या ओळीमुळे.